मीठ टाकलं आणि ऑक्सिजनच गायब झाला

प्रश्न : नमस्कार, मुलीला विज्ञानाच्या प्रोजेक्टसाठी पाण्याचं विद्युत अपघटन (विजेने पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करणं) करून दाखवत होतो. पाण्यात मीठ टाकलं, ९ व्होल्टची बॅटरी लावली, पेन्सिलीची शिसं वापरली. मायनसला भरपूर बुडबुडे, प्लसला अगदीच थोडे आणि वास स्विमिंग पूलसारखा. मग तांब्याच्या तारा लावल्या तर प्लसला काहीच येईना आणि पाणी हिरवट झालं. पुस्तकात तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन २:१ लिहिलंय, आमचं काय चुकलं?

उत्तर : चुकलं ते मीठ! आधी खिडक्या उघडा, कारण तो वास क्लोरीनचा आहे आणि तो वायू विषारी असतो. मिठाच्या पाण्यात प्लसच्या टोकाला ऑक्सिजनऐवजी मुख्यतः क्लोरीन तयार होतो, आणि तो पाण्यात इतका विरघळतो (२० अंशाला १ लिटर पाण्यात २ लिटरहून जास्त) की बराचसा वर येतच नाही, म्हणून बुडबुडे कमी दिसले. मायनसला मात्र हायड्रोजनच आहे, तो बरोबर आलाय.

तांब्याचं म्हणाल तर तिथे वायू बनायच्या ऐवजी तारच झिजते, हिरवट रंग त्या तांब्याचाच. १८०० साली निकल्सन आणि कार्लाइल या इंग्रज संशोधकांनी हा प्रयोग केला तेव्हा त्यांचंही अगदी असंच झालं होतं, पितळेच्या तारेवर एकीकडे हायड्रोजन आणि दुसरीकडे तार नुसती काळवंडत गेली, प्लॅटिनमच्या तारा लावल्यावर मग दोन्हीकडून वायू आले. मला तर मुलीला हा किस्सा जरूर सांगावा असं वाटतं, कारण तुमची चूक आणि त्यांची चूक एकच आहे.

आता मिठाऐवजी धुण्याचा सोडा घ्या आणि शिसंच वापरा. लगेच मोजू नका, थोडा वेळ चालू द्या, कारण ऑक्सिजन हायड्रोजनपेक्षा पाण्यात जास्त विरघळतो आणि सुरुवातीला कमीच भरतो. शिसातला थोडा कार्बनही ऑक्सिजन खातो, म्हणून अगदी तंतोतंत २:१ आलं नाही तरी मुलीला आकडे बदलायला लावू नका, जे आलं तेच लिहू दे आणि कारणही लिहू दे.

आणि हो, दोन्ही वायू एकाच नळीत अजिबात गोळा करू नका, २:१ चं ते मिश्रण एका ठिणगीने स्फोट होऊन पेटतं. घरातल्या प्लगला तर हे कधीच जोडायचं नाही, बॅटरीच पुरे.