बांध नेमका कुठला, साखळीचा का रोव्हरचा?

प्रश्न: आमचं रान २ एकर १२ गुंठे. वडील होते तेव्हा साखळीनं मोजणी झालेली, बोरीपाशी दगड रोवलेला. यंदा शेजाऱ्यानं मोजणी आणली, ते लोक रोव्हर नावाची काठी घेऊन आले आणि खूण आमच्यात ४ फूट आत, बांध साधारण २१५ फुटांचा. पोरानं मोबाइलच्या ॲपवर फिरून बघितलं तर तिसरंच काहीतरी. खरं कुठलं धरायचं?
– एक वाचक, पुरंदर तालुका

उत्तर: दादा, आधी तो मोबाइल बाजूला ठेवा. उघड्या रानातही फोन ३ ते ५ मीटर इकडंतिकडं दाखवतो, १०० मीटरच्या बांधाला ३ मीटर चुकले की जवळजवळ ३ गुंठ्यांचा घोळ. रोव्हरचं तसं नाही. राज्यात ७७ कॉर्स स्टेशनं बसवलीत, ती एका जागी पक्की असल्यानं सॅटेलाइटच्या सिग्नलमधली चूक त्यांना कळते आणि दुरुस्ती लगेच रोव्हरला मिळते, त्यामुळे मोकळ्या आभाळाखाली तो काही सेंटिमीटरपर्यंत बरोबर जागा सांगतो. दाट झाडाखाली सिग्नल अडतो, तिथं ईटीएस मशीन (तिपाईवर ठेवून कोन आणि अंतर मोजणारं) लावावं लागतं.

पण रोव्हर सांगतो ते काठी कुठं उभी आहे एवढंच. हद्द निघते टिपणावरनं (म्हणजे जुन्या मोजणीची मापं लिहिलेला कागद), गटनकाशावरनं, आणि जुनी टिपणं ३३ फुटी साखळीची, साखळीचे १६ आणे, म्हणजे एक आणा २ फुटांच्या किंचित वर (आपला ३३ बाय ३३ चा गुंठा त्याच साखळीतला). त्यात चढउतार, साखळीला पडलेला झोळ, सगळं धरलं तर फूट-दीड फूट फरक आला म्हणून कुणी जमीन चोरली असं लगेच म्हणू नये. तुमचे ४ फूट मात्र जास्त आहेत, पाऊण गुंठा जातोय, ते तपासाच.

तपासायचं काय, तर जुना नकाशा जमिनीवर बसवताना कुठल्या खुणा धरल्या. शिवेवरचा दगड, जुनी विहीर, न हललेला बुरूज (हद्दीवरचा माती-दगडाचा उंचवटा) अशा तीन-चार पक्क्या खुणा जुळायला पाहिजेत, नुसते आजच्या वहिवाटीचे बांध धरून नकाशा बसवला असेल तर मशीन कितीही भारी असू दे, खूण चुकीच्याच जागी पडणार. माझ्या मते तुमच्या तंट्याची गाठ इथंच आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसातून टिपण, गटनकाशा आणि दोन्ही मोजण्यांच्या क प्रतीच्या (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) नकला काढा, शेजारी शेजारी ठेवून बघा, बोरीचा दगड टिपणात सापडला तर तुमची बाजू पक्की. तरी नाहीच पटलं तर निमताना मोजणी, म्हणजे झालेल्या मोजणीची वरच्या अधिकाऱ्याकडनं फेरतपासणी, मागा. तोवर दगड उपटू नका, उपटू देऊ नका, फोटो काढून ठेवा. आणि मोजणीवाले हद्द दाखवतात, ताबा देत नाहीत, हे शेजाऱ्यालाही शांतपणे सांगा.

प्रश्न: गावठाण ड्रोननं मोजलं, मग शेतं का नाही?

उत्तर: २०२० च्या स्वामित्व योजनेत गावठाणंच घेतली. घराच्या भिंती वरनं दिसतात, शिवाय ड्रोन उडवायच्या आधी चुन्यानं हद्दी आखून घेतात. शेताचा बांध गवतात नाहीतर पिकाखाली, कित्येक ठिकाणी नांगरूनच गेलेला, वरनं दिसते ती वहिवाट, टिपणातली हद्द फोटोत येत नाही.