बोटीतल्या दोन ईएससींची लाल तार

प्रश्न : मी दोन पंख्यांच्या टगबोटीचे रेडिओवर चालणारे मॉडेल बांधले आहे. १२ व्होल्टची एक लेड-ॲसिड बॅटरी, दोन ब्रश मोटर्स आणि प्रत्येक मोटरसाठी स्वतंत्र ईएससी, म्हणजे वेगनियंत्रक, अशी रचना आहे. दोन्ही ईएससींच्या तीन-तारी केबल वाय-केबलने एकत्र करून रिसीव्हरच्या थ्रॉटल, म्हणजे वेगाच्या, चॅनेलला जोडल्या आहेत. बोट चालते, पण थोड्याच वेळात एक ईएससी चटका बसेल इतका तापतो आणि दुसरा गार राहतो. सुकाणूचा सर्वो, म्हणजे सुकाणू वळवणारी छोटी मोटर, हाही मधूनच थरथरतो. दुकानदाराने एका ईएससीची लाल तार काढायला सांगितले. ते योग्य आहे का? शिवाय दोन्ही पंखे वेगवेगळे फिरवून बोट जागच्या जागी वळवता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दुकानदाराचा सल्ला योग्य आहे, परंतु तुमच्या बोटीला तेवढ्याने गुण येणार नाही.

ईएससी दोन कामे करतो. एक मोटरचा वेग सांभाळण्याचे. दुसरे, बॅटरीच्या १२ व्होल्टमधून सुमारे ५ व्होल्ट तयार करून ते लाल तारेतून रिसीव्हर आणि सर्वोला पुरवण्याचे. या दुसऱ्या भागाला बीईसी म्हणतात. वाय-केबल लावली की दोन बीईसी एकाच तारेवर येतात. दोघांवर ५ व्होल्ट लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात एक ५.०५ आणि दुसरा ४.९२ देत असेल, आणि मग ज्याचा दाब किंचित जास्त तोच जवळजवळ सगळा भार उचलतो. तुमचा एक ईएससी तापतो आणि दुसरा गार राहतो, त्याचे बहुधा हेच कारण आहे. स्विचिंग प्रकारच्या, म्हणजे वीज वेगाने चालू-बंद करून कमी उष्णतेत दाब उतरवणाऱ्या, दोन बीईसी अशा जोडल्या, तर त्या एकमेकींचे नियमनही बिघडवू शकतात. म्हणून रिसीव्हरला एका वेळी एकाच ठिकाणाहून वीज मिळावी, हा नियम पाळावा.

पण एक लाल तार काढल्याने उष्णता कमी होत नाही. साध्या, म्हणजे लिनिअर बीईसीमध्ये बॅटरीचा जास्तीचा दाब उष्णता होऊन बाहेर पडतो. १२ मधून ५ वजा केले की ७ व्होल्ट उरतात. सर्वोने सरासरी अर्धा अँपिअर घेतला, तरी त्या लहानशा भागाला साडेतीन वॅट उष्णता सोसावी लागते. तापणाऱ्या ईएससीची तार काढलीत, तर तोच भार दुसऱ्यावर जाईल आणि तोही तसाच तापेल. त्यामुळे १२ व्होल्टच्या बोटीत दोन्ही लाल तारा काढून ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा स्वतंत्र स्विचिंग बीईसी बॅटरीवर बसवावा आणि रिसीव्हरच्या मोकळ्या खाचेतून वीज द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्च करण्यापूर्वी एक चाचणी करा. मोटर्सच्या तारा सोडवून पाचेक मिनिटे फक्त सुकाणू हलवत राहा. तरीही ईएससी तापला, तर दोष बीईसीवरील भाराचा आहे. तो गार राहिला, तर पंखा मोटरच्या मानाने मोठा आहे का, शाफ्ट जड फिरतो का, हे पाहावे लागेल. सर्वोच्या थरथरण्याचाही याच वेळी उलगडा होईल : मोटर्स बंद असताना तो शांत राहिला, तर ब्रशच्या ठिणग्यांचा उपद्रव आहे असे समजावे. त्यासाठी प्रत्येक मोटरच्या दोन टर्मिनलांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा एक, आणि प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या धातूच्या कवचापर्यंत ०.०४७ मायक्रोफॅरडचा एकेक सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करावा.

लाल तार कापू नका. प्लगमध्ये मधल्या पिनेवर प्लॅस्टिकची बारीक जीभ दिसते; ती सुईच्या टोकाने अलगद उचलली, की तार पिनेसकट बाहेर सरकते. तिच्यावर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी, नळी चढवून ती मागे दुमडून ठेवावी. उद्या ईएससी दुसऱ्या मॉडेलमध्ये लावायचा झाला, तर पिन परत जागेवर बसवता येते.

काळ्या तारेला मात्र हात लावू नका. रिसीव्हर ईएससीला १ ते २ मिलिसेकंदांचे स्पंद पाठवतो, मध्यभागी सुमारे १.५ चे, आणि हे स्पंद काळ्या तारेच्या संदर्भानेच वाचले जातात. इथे एक धोका आहे, ज्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. एखाद्या ईएससीची बॅटरीकडे जाणारी जाड ऋण तार सुटली, तर त्या मोटरचा सगळा प्रवाह बारीक काळ्या तारेतून, रिसीव्हरमार्गे, दुसऱ्या ईएससीकडे वाट काढतो आणि तार किंवा रिसीव्हर जळू शकतो. म्हणून जाड तारांचे जोड नुसते पिळून ठेवू नयेत, नीट सोल्डर करावेत. प्रत्येक ईएससीच्या धन तारेत मोटारगाडीत असतो तसा ब्लेड फ्यूज घालावा, ऋण तारेत कधीही नाही. पंख्यात शेवाळ अडकून मोटर थांबली, तर तो फ्यूज ईएससीच्या आधी उडाला पाहिजे. तेव्हा त्याची क्षमता पाण्यातल्या पूर्ण वेगाच्या प्रवाहाहून थोडी अधिक, पण ईएससीच्या क्षमतेहून कमी ठेवा.

जागच्या जागी वळण्यासाठी वाय-केबल काढून दोन्ही ईएससी दोन स्वतंत्र चॅनेलना जोडावेत आणि ट्रान्समीटरमध्ये मिक्सिंग, म्हणजे वेग आणि वळण यांचे संकेत दोन्ही चॅनेलांत मिसळण्याची सोय, सुरू करावे. विमानाच्या ट्रान्समीटरमधला एलेव्हॉनचा, म्हणजे शेपटी नसलेल्या विमानाच्या पंखांवरील पट्ट्यांसाठीचा, पर्याय यासाठी चालतो. तो नसेल तर वेगळे मिक्सर मोड्यूल मिळते. त्याआधी दोन्ही ईएससी एकाच ट्रान्समीटरवर कॅलिब्रेट करा, म्हणजे थ्रॉटलची मधली आणि टोकाची स्थाने त्यांना शिकवा, नाहीतर एक पंखा दुसऱ्याच्या आधी फिरू लागतो. एखादी मोटर उलटी फिरली, तर तिच्या दोन तारांची अदलाबदल पुरते. दोन ईएससींच्या मोटरकडच्या तारा मात्र कधीही एकत्र जोडू नयेत.

तळ्यावर नेण्यापूर्वी बोट टबात धरून आधी ट्रान्समीटर, मग बोट, या क्रमाने सुरू करा. मोटर्स हळू फिरत असताना ट्रान्समीटर बंद करून पाहा. दोन्ही पंखे थांबले नाहीत, तर रिसीव्हरचा फेलसेफ, म्हणजे संकेत तुटल्यावर मोटर्स थांबवणारी सोय, दोन्ही चॅनेलसाठी पुन्हा लावावा लागेल.