चाकणला नवा शिफ्ट सुपरवायझर झालोय. दुसऱ्या पाळीचे लोक सगळं खापर आमच्यावर फोडतात, त्यांचा सुपरवायझर मला सीनियर आहे. संबंध कसे सुधारू?

चहा पाजून नाही सुधारणार. सगळ्यांना लोणावळ्याला रिसॉर्टवर नेऊन तर मुळीच नाही. पाळ्यांमधलं भांडण म्हणजे स्वभावाचा दोष, असं एचआरवाले धरून चालतात आणि सॉफ्ट स्किल शिकवणारा कुणीतरी बोलावतात. माझं मत स्पष्ट आहे: दहातली नऊ भांडणं पाळी बदलताना चार्ज, म्हणजे कामाचा ताबा, नीट न दिल्याची असतात आणि ती मशीनपाशीच मिटतात.

भोसरीतल्या एका कारखान्यातलं प्रकरण घ्या. सीएनसी लेथवर (संगणकावर चालणाऱ्या) ४२ एच७ चं बोअर, म्हणजे ४२ मिलिमीटरचं भोक आणि मापात शून्य ते अधिक २५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) एवढीच मुभा. इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाचा बदलता येणारा कापणारा तुकडा, झिजला की बोअर लहान येऊ लागतं, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेट, म्हणजे झीज भरून काढायला मशीनमध्ये घातलेला आकडा, थोडा थोडा वाढवत नेतो. पहिली पाळी संपताना हा ऑफसेट ०.०३० मिलिमीटरवर, म्हणजे ३० मायक्रॉनवर पोचला होता. इन्सर्ट बदलायची वेळ खरं तर तासभर आधीच झाली होती. पण इन्सर्ट बदलून पहिला पीस पास करून घ्यायला दहा-बारा मिनिटं जातात, आणि ती ज्याच्या पाळीत गेली त्याच्या प्रॉडक्शनमधून वजा होतात. त्याने तसंच रेटलं. साडेतीनला पंचिंग, तीन चाळीसला बस. निघता निघता येणाऱ्याला म्हणाला, "इन्सर्ट बघून घे रे."

त्याने बघितला. झिजलेला दिसला, बदलला. आत ३० मायक्रॉनचा ऑफसेट बसलाय हे त्याला ठाऊकच नव्हतं, मग तो शून्य कोण करणार? नव्या इन्सर्टने बोअर एकदम तेवढं मोठं आलं. लहान बोअर परत मारता येतं, मोठं झालेलं सरळ स्क्रॅपमध्ये जातं. राउंडवरच्या इन्स्पेक्टरचीही पाळी बदलत होती. तो येऊन प्लग गेज (भोकाचं माप तपासायचा दांडा) लावेपर्यंत नो-गो, म्हणजे आत जायलाच नको ती, बाजू अलगद आत जाणाऱ्या पीसनी ट्रे भरला होता. इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस ऑपरेटरने स्वतः तपासायलाच हवा होता, हे खरंच. ते त्याला दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये पुरेसं ऐकवलं गेलं.

त्याच मीटिंगमध्ये एक म्हणाला, मी सांगितलं होतं. दुसरा म्हणाला, काही सांगितलं नव्हतं. दोघंही खरं बोलत होते. मग दोघांना संवादकौशल्याच्या वर्गाला बसवलं, याचा मला आजही राग आहे. त्यांचा आवाज, हावभाव, नजर यात काडीचीही खोट नव्हती. वाक्यात चार आकडे नव्हते, एवढंच. ते वाक्य असं हवं होतं: "टूल चार, इन्सर्टवर १८० पीस झालेत, वेअर ३० दिलाय, शेवटचा पीस अधिक १२. इन्सर्ट बदललास तर वेअर शून्य कर." वीस सेकंदही लागत नाहीत. घेणाऱ्याने आकडे उलट म्हणून दाखवायचे. नुसत्या "हो हो" वर चार्ज सोडायचा नाही, कारण मान डोलावणाऱ्याला काय समजलंय ते कळायला दुसरा मार्ग नाही.

याला कागदी घोडे म्हणणारे साहेब पुष्कळ भेटतात. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर जुलै १९८८ मध्ये दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून नेला होता आणि त्या जागी नुसती झाकणी बसवली होती. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचली नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच चालू केला. १६७ माणसं गेली. आपल्याकडे बोअरच बिघडतं, पण चूक त्याच जातीची.

आता तुमच्या लाइनवर काय करायचं. लॉगबुकात मोकळी जागा ठेवू नका, रकाने आखा: टूल नंबर, इन्सर्टवरचे पीस, ऑफसेट, शेवटचं माप, अडकवून ठेवलेला माल. ऑपरेटर बिहारचा असो की बीडचा, आकडे सगळ्यांना वाचता येतात. कर्ता मशीन ठेवा, माणूस नको. "टूल चारचा वेअर शून्य नव्हता" असं लिहिलं तर काम होतं, "सेकंड शिफ्टने केला नाही" असं लिहिलं की भांडण होतं.

वेळेचा प्रश्न येतोच. सगळ्यांना थांबवलं तर दुप्पट दराने ओव्हरटाइम जातो, म्हणून मॅनेजर हात वर करतात. सगळे कशाला? येणारा सेटर (टूल लावून मशीन जुळवणारा) आणि सुपरवायझर पंधरा मिनिटं आधी बोलवा, त्यांना त्याचे पैसे द्या आणि मशीन चालू असतानाच चार्ज घ्यायला लावा. एका ट्रेच्या स्क्रॅपची किंमत शेजारी लिहून दाखवलीत की आकडेमोड मॅनेजरच करेल.

सीनियर सुपरवायझरचं म्हणाल, तर त्यांच्याकडे लाइनवर जा, केबिनमध्ये नको. वयाने मोठे असतील तर तुम्हाला पद मिळालं म्हणून "तुम्ही" सोडू नका. खराब पीसचा फोटो रात्री बारा वाजता व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, आधी त्यांना एकट्याला पाठवा आणि फोन करा. प्लँट हेडला सीसी लावून मेल टाकलात, तर पुढचे सहा महिने उत्तरंही मेलवरच मिळतील.

हे कुठे चालत नाही तेही सांगायला हवं. इन्सेंटिव्ह पाळीच्या आकड्यावर असेल, तर जाणारा माणूस झिजलेलं टूल पुढच्याच्या गळ्यात घालणारच. तिथे आधी टूल बदलायचा वेळ पाळीऐवजी मशीनच्या खात्यात टाकून घ्या आणि इन्सर्ट ठरलेल्या पीसला बदला, मग तो कोणाच्याही पाळीत येवो. खरं लिहिणाऱ्या कंत्राटी पोराला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवत असतील, तर तुमचे रकाने कोरेच राहतील. आणि समोरचा खरोखर खुनशी असेल, तर माझ्याकडे औषध नाही.

सुट्टीचा दिवस मात्र विसरू नका. आपल्याकडे बऱ्याच कारखान्यांत गुरुवारी बंद असतो, त्यामुळे बंदच्या आधीची शेवटची पाळी आणि सुट्टीनंतरची पहिली पाळी यांची भेटच होत नाही. त्या वेळी फक्त लॉगबुकावर विसंबू नका, तेच चार आकडे पाटीवर लिहून पाटी कंट्रोल पॅनलला लटकवा, आणि पहिला पीस पास झाल्याशिवाय ती काढू देऊ नका.