देवावर राग धरला तर पाप लागतं का?

तुम्ही विचारलंय, बाबा गेल्यापासून देवघरात दिवा लावावासा वाटत नाही, देवाचा संताप येतो, तर पाप लागेल का? नाही लागत. लागतं म्हणणाऱ्यांनी संत वाचलेले नाहीत.

१६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगाही गेला. पुढे वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा हाच माणूस तेरा दिवस अन्नपाणी सोडून विठ्ठलापाशी धरणं धरून बसला. जनाबाई तर विठ्ठलाला सरळ शिव्या घालते.

माझं सांगते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले आणि आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. दूध मात्र आलं. ब्लाऊज भिजायचा, मी मोरीत जाऊन पिळून टाकायचे. त्याच आठवड्यात गळ्यातली तुळशीची माळ काढून खुंटीला अडकवली. माळकऱ्याच्या घरात याचा अर्थ काय होतो, ते तिथं नांदलेल्या बाईलाच कळेल. चुलतसासरे पाच माणसांत म्हणाले, "देवाची मर्जी होती. माळ उतरवून घराला दोष लावू नकोस."

दिंडीतले म्हातारे विणेकरी भेटायला आले. म्हणाले, "पोरी, माळ राहू दे खुंटीला. पण त्याच्याशी अबोला धरू नको. भांड."

भांडले. रोज, भाकरी थापता थापता. उत्तर आलं नाही, अजूनही आलेलं नाही. पण माझं नवस बोलणं सुटलं. आधी सगळा हिशेबच होता, तू मूल दे, मी वारी करते. पुढे एका आषाढीला काहीही न मागता पायी गेले आणि त्याच आजोबांच्या हातून माळ पुन्हा घातली. आता सरकारी दवाखान्यात रिकाम्या ओटीनं निघालेल्या बायांजवळ जाऊन बसते. तेवढं बळ आधी माझ्यात नव्हतं. तिथं देवाचं नाव काढत नाही. दुधाचं डॉक्टरांना विचार, लाजू नको, एवढं सांगते.

मयताच्या घरात "त्याची मर्जी" म्हणणं हा निर्दयपणा आहे, त्याला भक्ती म्हणू नये. चुलतसासऱ्यांना मी हे तोंडावर सांगितलं, तेव्हापासून ते आमच्याकडे जेवत नाहीत. न जेवोत. तुमच्याकडेही असं कुणी असेल, तर वयाकडे बघून ऐकून घेऊ नका.

हां, झोप-जेवण महिनोन्महिने उडालं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, नुसत्या भजनावर राहू नका. आणि दिवा तूर्तास घरातल्या दुसऱ्या कुणी लावला तरी चालतो.