अ‍ॅप स्टोअरचा वाटा: पहिल्या विक्रीवर घ्या, दर महिन्याला कशाला?

प्रश्नकर्त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टिपणं ठेवायचं छोटं अ‍ॅप आहे, महिन्याला 1 डॉलर सबस्क्रिप्शन आहे, आणि त्यातून अ‍ॅपल किंवा गूगलचं अ‍ॅप स्टोअर दर महिन्याला आपला वाटा कापून घेतं. हे रास्त आहे का, आणि सरळ वेबसाइटवर पैसे घ्यायला लागावं का? वरच्या उत्तरांत बहुतेकांनी "शुद्ध लूट" असा निकाल देऊन टाकलाय. माझं पोट बरीच वर्षं सबस्क्रिप्शनवरच चालतंय, आणि मला तो निकाल अर्धाच पटतो. स्टोअरने पैसे घ्यावेत. पण कशाचे घ्यावेत आणि किती काळ, गोम तिथे आहे.

आधी दर. 30 टक्के हा आकडा जो तो तोंडावर फेकतो, पण छोट्या डेव्हलपरला तो बहुधा लागूच होत नाही. अ‍ॅपलच्या स्टोअरवर 2008 पासून 70-30 ची वाटणी आहे (70 डेव्हलपरला, 30 स्टोअरला), आणि सबस्क्रिप्शनलाही ती 2011 मध्ये चिकटली. 2016 मध्ये त्यांनी सवलत दिली: ग्राहकाचं पैसे भरलेलं एक वर्ष पूर्ण झालं की पुढे 15 टक्के. (ग्राहक मध्येच 60 दिवसांपेक्षा जास्त गायब झाला तर मोजणी पुन्हा शून्यापासून.) 2021 पासून वर्षाला 10 लाख डॉलरच्या आत कमाई असणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून 15, पण त्यासाठी स्वतः नाव नोंदवावं लागतं. ते केलं नसेल तर हे उत्तर अर्धवट सोडून आधी ते करा. गूगलने 2022 पासून सगळ्याच सबस्क्रिप्शनना 15 टक्के केले.

आता तुमच्या 1 डॉलरचा हिशेब मांडू. वेबवर कार्ड घेणाऱ्या कंपन्यांचा नेहमीचा दर साधारण 2.9 टक्के अधिक प्रत्येक व्यवहाराला 30 सेंट. म्हणजे 1 डॉलरमागे 33 सेंट गेले. शिवाय देशोदेशीचा विक्रीकर तुम्हीच भरायचा. ती डोकेदुखी नको म्हणून कर भरण्यासकट सगळं अंगावर घेणाऱ्या कंपनीकडे गेलात तर साधारण 5 टक्के अधिक 50 सेंट, म्हणजे 55 सेंट. स्टोअर मात्र 15 सेंट घेतं, आणि बहुतेक देशांतला कर, परतावे, नाकारलं गेलेलं कार्ड पुन्हा पुन्हा चालवून बघणं, हे सगळं त्यात येतं. थोडक्यात, ज्याला वर लूट म्हटलंय तो तुमच्या बाबतीत सर्वांत स्वस्त पर्याय आहे.

तेच वर्षाला 10 डॉलर लावून बघा. वेबवर नुसत्या कार्डाचे 59 सेंट, करासकट सगळं सोपवलं तर 1 डॉलर. स्टोअरचे दीड डॉलर. पारडं फिरलं. टक्केवारी आणि ठरावीक रक्कम यांतला हा फरक डोक्यात पक्का बसला की निम्मा वाद आपोआप मिटतो.

मग तक्रार कुणाची? ज्यांचा खर्च विक्रीबरोबर वाढतो त्यांची. संगीताचंच घ्या. स्पॉटिफाय आपल्या उत्पन्नातला जवळजवळ 70 टक्के भाग हक्कधारकांना देतो असं स्वतः सांगतो. त्यावर 30 टक्के स्टोअरला दिले की हातात भोपळा. कमिशन नफ्यावर नसतं, गल्ल्यावर असतं, हे ज्याचा नफाच दहा टक्क्यांच्या आत आहे त्यालाच नीट कळतं. त्यातून त्याच फोनवर अ‍ॅपलची स्वतःची संगीतसेवा, तिला हा भुर्दंड नाही. म्हणून एके काळी स्पॉटिफायने आयफोनवर महिन्याला 9.99 डॉलरऐवजी 12.99 लावले, आणि पुढे अ‍ॅपमधली विक्रीच बंद केली. नेटफ्लिक्सनेही 2018 च्या शेवटी नव्या ग्राहकांसाठी तेच केलं. आज एआयवर चालणाऱ्या अ‍ॅपांची तीच गत आहे: प्रत्येक प्रश्नामागे सर्व्हरचं बिल वाढतं, आणि कमिशन त्या बिलाच्या आधी कापलं जातं.

स्टोअरची बाजू अशी की आम्ही साधनं बनवतो, अ‍ॅप तपासतो, ग्राहकाचा विश्वास सांभाळतो, त्याचा हा मोबदला. मान्य. पण मग टॅक्सी बोलावण्याचं अ‍ॅप किंवा खरेदीचं अ‍ॅप हीच साधनं वापरतं, त्याच तपासणीतून जातं, आणि विक्रीवर एक पैसा देत नाही, कारण तिथे प्रत्यक्ष वस्तू किंवा सेवा विकली जाते. डिजिटल विकणाऱ्यानेच सगळ्यांचं भाडं भरायचं, याला मला आजवर पटेल असं कारण सापडलेलं नाही. खर्चाचा मुद्दाही फार ताणू नये. एपिक (गेम बनवणारी कंपनी) विरुद्ध अ‍ॅपल खटल्याच्या 2021 च्या निकालात अ‍ॅप स्टोअरचा कार्यचालन नफा उत्पन्नाच्या 75 टक्क्यांहून जास्त असल्याचा अंदाज ग्राह्य धरला गेला. त्याच खटल्यात अ‍ॅपलचे वरिष्ठ अधिकारी फिल शिलर यांचा 2011 चा एक ईमेल उघड झाला. 70-30 कायम टिकेल का, वर्षाला एक अब्ज डॉलर नफा झाला की दर उतरवावा का, असा विचार त्यात होता. म्हणजे ही शंका घरातूनच निघाली होती!

माझा खरा राग मात्र टक्क्यांवर नाही. 2011 मध्ये सबस्क्रिप्शन आणताना अ‍ॅपलने मांडलेलं तत्त्व चांगलं होतं: ग्राहक आम्ही आणला तर 30 आमचे, तुम्ही आणला तर सगळे तुमचे. पण सोबत अट अशी की बाहेरच्या विक्रीची लिंक अ‍ॅपमध्ये द्यायची नाही. मग तुमच्या लेखामुळे, तुमच्या जाहिरातीमुळे आलेला माणूसही अ‍ॅप उघडून समोरचं एकमेव बटण दाबतो, आणि कागदोपत्री तो स्टोअरने आणलेला ठरतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. युरोपियन कमिशनने मार्च 2024 मध्ये अ‍ॅपलला 1.8 अब्ज युरोंहून अधिक दंड केला तो संगीत अ‍ॅपांवरच्या याच तोंडबंदीसाठी. अमेरिकेत न्यायालयाने लिंक द्यायला परवानगी दिली, तर अ‍ॅपलने त्या लिंकवरून होणाऱ्या विक्रीवर 27 टक्के लावले. कार्डाचे साधारण 3 मिळवा, पुन्हा 30! एप्रिल 2025 मध्ये न्यायाधीशांनी हा आदेशाचा भंग असल्याचं ठणकावलं.

आणि ग्राहक नक्की कुणाचा? अ‍ॅपलवर विकलेल्या सबस्क्रिप्शनचा ग्राहक "पैसे परत द्या" म्हणून तुम्हाला लिहितो, पण परतावा देण्याचं बटण तुमच्याकडे नसतं. त्याला अ‍ॅपलच्या पानावर पाठवायचं, आणि तरीही त्याने तुमच्या अ‍ॅपला एकच तारा द्यायचा. (गूगलच्या कन्सोलमधून, म्हणजे डेव्हलपरसाठीच्या पानावरून, निदान परतावा देता येतो.) त्याचा ईमेलही त्याने स्वतः दिला तरच मिळतो.

म्हणून माझं मत असं: पहिल्या वर्षी स्टोअरने खुशाल 15 घ्यावेत, स्टोअरमधल्या शोधातून आलेल्या ग्राहकावर 30 घेतले तरी मी कुरकुरणार नाही. दलालाने सौदा जुळवला, दलाली घेतली. पण तिसऱ्या वर्षी तो ग्राहक टिकतो तो मी दर महिन्याला काहीतरी नवं देतो म्हणून. तिथे पैसे वळते करण्याचा आणि कराचा खर्च, म्हणजे पाच-सहा टक्के, एवढंच स्टोअरचं. गूगलने 15 सरसकट केले ते बरं झालं, पण पाचव्या वर्षीही 15च, हे आयत्या बिळावरचे नागोबाच.

तुमच्यापुरतं सांगायचं तर महिन्याचं सबस्क्रिप्शन स्टोअरमध्येच राहू द्या, वर्षाचं मात्र वेबवरही ठेवा. कुणी कुठून पैसे भरले याची नोंद पहिल्या दिवसापासून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, नाहीतर एकच माणूस दोन्हीकडे पैसे भरतो आणि शिव्या तुम्हाला बसतात. अ‍ॅपमध्ये बाहेरची लिंक द्यायची तर कुठल्या देशात चालते हे आधी बघा. नियम सगळीकडे सारखे नाहीत. आणि वेबची किंमत कमी ठेवणार असाल तर ती निदान 10 टक्क्यांनी कमी ठेवा. त्याहून कमी फरकासाठी कार्डाचा नंबर टाइप करायचे कष्ट कुणी घेत नाही.