रोजच्या तिकिटांचा पाच वर्षांनंतरच्या कामाशी सांधा कसा जोडायचा?

प्रश्न असा आहे: बेळगावात घरी बसून पुण्यातल्या कंपनीचं बॅकएंडचं (पडद्यामागच्या सर्व्हर-डेटाबेसचं) काम, तीन वर्षं झाली, दिवसभर बग आणि रिपोर्टची तिकिटं (नोंदवून आलेली छोटी कामं). पाच वर्षांत सॉफ्टवेअर आर्किटेक्ट व्हायचंय, पण आजच्या कामाचा त्याच्याशी काडीचा संबंध दिसत नाही.

आधी 'आर्किटेक्ट' हा शब्द बाजूला ठेवा, ते नुसतं पद आहे. त्या माणसाच्या हातात कुठले निर्णय असतात ते लिहून काढा. डेटा कुठे आणि कसा ठेवायचा, एक सेवा बंद पडली तर बाकीच्यांनी काय करायचं, कुठली गोष्ट मुद्दाम करायची नाही, असे. त्यातले दोनच निवडा, पुढच्या सहा महिन्यांपुरते. पाच निवडलेत तर एकही धड होणार नाही.

आता तुमच्याकडे येतं तसलंच एक तिकीट घेऊ: 'ऑर्डर रिपोर्ट उघडायला वेळ लागतो.' घाईत असलेला माणूस कॅश (एकदा काढलेलं उत्तर साठवून तेच पुन्हा देणं) लावतो आणि तिकीट बंद करतो. तुम्ही आधी मोजा. एका पानासाठी डेटाबेसकडे किती क्वेरी (डेटाची मागणी) जातात ते लॉगमध्ये बघा. २०० ऑर्डरींना २०१ क्वेरी दिसल्या तर ओआरएम (कोड आणि डेटाबेस जोडणारी लायब्ररी) प्रत्येक ऑर्डरीचा ग्राहक वेगळा आणतोय. तिथं इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधयादी) घालून फारसा फरक पडत नाही, ग्राहक एकदम आणायला सांगावं लागतं. क्वेरी एकच असून हळू असेल तर पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ चालवा. (ही आज्ञा क्वेरीचा वेळ कुठे जातो ते दाखवते, पण त्यासाठी ती खरोखर चालवते. अपडेट-डिलीटला प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टीमवर, लावलं तर डेटा बदलून बसेल.) तारखेवर इंडेक्स असूनही अख्खं टेबल वाचलं जात असेल तर अटीत त्या कॉलमला फंक्शन गुंडाळलंय का बघा. वेळेतून तारीख काढून तुलना केली की साधा इंडेक्स कामाला येत नाही. 'आज ००:०० पासून उद्या ००:०० च्या आधीपर्यंत' अशी अट घातली की येतो. ग्राहक आणि तारीख दोन्हींवर शोध असेल तर इंडेक्समध्ये ग्राहक आधी, तारीख मागे. चालू टेबलावर इंडेक्स 'कन्करंटली' बांधा, नाहीतर तो तयार होईपर्यंत त्या टेबलात लिहिणं अडतं. आणि तो मधेच फसला तर अवैध इंडेक्स मागे उरतो, शोधाला उपयोग शून्य, पण प्रत्येक इन्सर्टवर भार चालूच. तो काढून टाकायचं बरेच जण विसरतात.

इथपर्यंत बग सुटला. तुमच्या पाच वर्षांचं काम त्यानंतरच्या अर्ध्या तासात आहे. अर्धं पान लिहा: काय दिसलं, कुठले पर्याय होते, हाच का घेतला, आणि हा उपाय कधी तोकडा पडेल (टेबल दहापट वाढलं तर? लिहिणं वाढलं तर?). आधीचा-नंतरचा आकडा द्या, तोही सरासरीचा नको. १०० पैकी ९५ विनंत्या किती मिलिसेकंदांत पुऱ्या होतात, तो द्या. हे पुल रिक्वेस्टच्या (कोडमधला बदल तपासायला देताना भरायच्या विनंतीच्या) वर्णनात घाला आणि टीमच्या विकीवरही ठेवा. ऑफिसात बसणाऱ्यांचं काम चहाच्या वेळी चार जणांना कळतं. तुम्ही बेळगावात, तेव्हा तुमचं काम लिहिलंत तेवढंच दिसणार.

मराठी शाळेतून आलेल्या कित्येकांचा हात इथंच थबकतो, कारण लिहायचं इंग्रजीत. आधी मराठीत लिहा, मग तोडून तोडून छोट्या इंग्रजी वाक्यांत आणा. डिझाइनच्या कागदात भाषेच्या नजाकतीपेक्षा क्रम महत्त्वाचा.

दहा तिकिटांतली दोन-तीनच अशी खणा. सगळीच खणायला बसलात तर स्प्रिंट (ठरलेल्या मुदतीतलं टीमचं काम) घसरेल आणि नाव 'स्लो' म्हणून पडेल.

रोज संध्याकाळी तीन ओळींची नोंद: काय केलं, कुठला निर्णय घेतला, आकडा काय. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत बघा, हीटला (एका वेळी वितळवलेल्या धातूला) नंबर पडतो आणि त्याची तपासणी तेव्हाच लिहिली जाते, म्हणून कास्टिंग परत आलं तरी मूळ सापडतं. मार्चच्या शेवटी अप्रेझलचा फॉर्म उघडून वर्षभराचं आठवत बसणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

मॅनेजरशी महिन्यातून एकदा बोलताना 'मला ग्रोथ हवी' म्हणू नका, त्यावर तो मान डोलावण्याखेरीज काय करणार? 'पुढच्या तिमाहीत नोटिफिकेशन सेवेचं डिझाइन मी लिहितो, सिनियर तपासतील, चालेल का?' असं विचारा. याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. नाही आलं तर 'मग कुठलं देता?' हा प्रश्न तयार ठेवा.

रेझ्युमेवर दिसावं म्हणून दिवसाला ५०० मेसेजच्या कामात काफ्का (प्रचंड संख्येनं मेसेज वाहून नेणारी यंत्रणा) घुसवू नका. टेबलातली रांग आणि एक क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) एवढ्यावर ते आरामात चालतं, आणि काफ्का का नको हे अर्ध्या पानात पटवून देता आलं तर आर्किटेक्टचाच निर्णय तुम्ही घेतला.

तीन महिन्यांनी नोंदी काढून निवडलेल्या दोन निर्णयांशी जुळणाऱ्या ओळी मोजा. पाच-सहा निघाल्या तर तिथंच राहा. एकही नसेल, मागूनही काम मिळालं नसेल, तर आधी टीम बदलून मागा. तेही नाही झालं तर दुसरीकडे अर्ज टाका. तिथं मुलाखतीत सांगायला ती अर्धी-अर्धी पानं असतील. फक्त कंपनीचा कोड आणि ग्राहकांची नावं बाहेर नेऊ नका.