‘एनी अदर’मधला ‘अदर’ आणि भाषांतरातले ‘अंतर’

प्रश्न : ‘शी इज सीनियर दॅन मी’ चूक आणि ‘शी इज ओल्डर दॅन मी’ बरोबर, असे का? तसेच ‘ही इज टॉलर दॅन एनी बॉय इन द क्लास’ या वाक्यात ‘एनी’नंतर ‘अदर’ घालावाच असा आग्रह का धरतात? अर्थ तर त्यावाचूनही कळतो.

उत्तर : पहिला भाग लवकर उरकण्यासारखा आहे. ‘सीनियर’, ‘जूनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ हे शब्द इंग्रजीने लॅटिनमधून घेतले असून मुळात ती तुलनादर्शक रूपेच आहेत. इंग्रजीत त्यांच्यापुढे ‘टू’ येतो. मात्र हा ‘टू’ लॅटिनच्या नियमामुळे येतो, असे जे वारंवार सांगितले जाते, ते निखालस चूक आहे. लॅटिनमध्ये अशा ठिकाणी आपल्या पंचमीसारखी विभक्ती लावीत किंवा ‘क्वाम’ हे अव्यय वापरीत, आणि ‘क्वाम’चे काम नेमके ‘दॅन’चेच आहे. तेव्हा ‘टू’ ही इंग्रजीची स्वतःची रूढी आहे आणि ती रूढी म्हणूनच लक्षात ठेवावी. ‘सीनियर’च्या आधी ‘मोर’ आला तर ‘दॅन’ परत येतो. ‘मोर सीनियर दॅन मी’ शुद्धच आहे.

‘अर्थ त्यावाचूनही कळतो’ हे मात्र मला मान्य नाही. तो मुलगा त्याच वर्गातला असेल, तर ‘एनी बॉय’मध्ये तोही आला, आणि वाक्य त्याला स्वतःपेक्षाच उंच ठरवते. उलट शिक्षकांविषयी बोलताना ‘टॉलर दॅन एनी अदर बॉय’ म्हटले, तर शिक्षकच मुलांत मोडतात. तिथे ‘अदर’ नकोच. आणि ‘द टॉलेस्ट ऑफ ऑल द अदर बॉइज’ हे तर तिसऱ्याच प्रकारे चुकते, कारण ज्याला सर्वांत उंच म्हणायचे, तो त्या समूहात असावाच लागतो आणि ‘अदर’ त्याला बाहेर काढतो. याच जातीची आणखी एक चूक मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता ती कानाला टोचते : ‘द वॉटर ऑफ धिस वेल इज स्वीटर दॅन दॅट वेल’. इथे पाण्याची तुलना विहिरीशी झाली. ‘दॅन दॅट ऑफ दॅट वेल’ हवे. ‘या विहिरीचे पाणी त्या विहिरीपेक्षा गोड’ हे वाक्य मराठी कान सहज खपवून घेतो आणि तीच सवय इंग्रजीत उतरते.

आता ‘अदर’कडे वळतो, कारण खरा आनंद तिथे आहे. हा शब्द स्वतःच एक जुने तुलनादर्शक रूप आहे. त्याच्या शेवटी जो ‘-दर’ ऐकू येतो, तो आपल्या ‘लघुतर’, ‘उच्चतर’मधल्या ‘तर’चा सख्खा भाऊ. गॉथिक या इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, आता लुप्त झालेल्या भाषेत या शब्दाचे रूप ‘अन्थर’, जर्मनमध्ये ‘आंडर’, आणि संस्कृतात ‘अन्तर’, म्हणजे दुसरा. इंग्रजीने मधला ‘न’ गाळला. ‘दन्त’चा जो नातलग इंग्रजीत ‘टूथ’ झाला, त्याच्यातूनही तो असाच गळाला आहे. हे ‘अन्तर’ मराठी माणसाच्या तोंडी रोज असते : भाषांतर, रूपांतर, वेषांतर, नामांतर. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा. काही जाणकार मंडळी भाषांतर म्हणजे ‘दोन भाषांमधले अंतर’ असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात, पण ‘अन्यो देशः देशान्तरम्’ हा परंपरेने चालत आलेला विग्रह त्यांच्या नजरेतून कसा सुटतो, हे मला कळत नाही. वेषांतर करणारा मनुष्य दोन वेषांमधले अंतर मोजत नसतो, तो दुसरा वेष घालतो.

जुन्या इंग्रजीत ‘अदर’चा अर्थ क्रमाने दुसरा असाही होता, ‘सेकंड’ हा शब्द फ्रेंचमधून नंतर आला. आपला ‘दुसरा’ही हे दोन्ही अर्थ आजतागायत सांभाळतो, आणि ‘एव्हरी अदर डे’ म्हणजे दिवसाआड, या प्रयोगात इंग्रजीचा जुना अर्थ अजून टिकून आहे. दोन हा आकडा ‘तर’ला चिकटलेलाच आहे. पाणिनीनेही ‘द्विवचनविभज्योपपदे तरबीयसुनौ’ या सूत्रात दोहोंच्या तुलनेला ‘तर’ आणि ‘ईयस्’ हे प्रत्यय दिले, तर त्यापलीकडच्या अतिशयाला ‘तम’ आणि ‘इष्ठ’. आपला ‘तारतम्य’ हा शब्द याच तर-तमांतून निघाला.

इथे एका लाडक्या गैरसमजाचा समाचार घेणे भाग आहे. इंग्रजी ‘बेटर’मध्ये हाच ‘तर’ आहे आणि तो व फारसी ‘बेहतर’ एकच, असे ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. ‘प्राण गेला तरी बेहत्तर’ या आपल्या प्रयोगातला ‘तर’ खराच, कारण तो शब्द ‘बेह’ला ‘तर’ लागून झाला आहे. ‘बेटर’ची फोड मात्र ‘बेट’ अधिक ‘-अर’ अशी आहे. त्यातला ‘ट’ मूळ धातूचा, आणि तो ‘-अर’ संस्कृतातल्या ‘ईयस्’च्या कुळातला. ‘बेस्ट’मधला ‘-स्ट’ तसाच श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ यांतल्या ‘इष्ठ’चा नातलग. केवळ ध्वनिसाम्यावर कुळे जुळवणाऱ्यांनी ‘तर’चे इंग्रजीतले खरे वंशज पाहावेत. ‘अदर’ पाहिलाच, दुसरा आहे ‘व्हेदर’, ज्याचा जुना अर्थ ‘दोहोंपैकी कोणता’ असा होता आणि ज्याचे संस्कृत रूप हुबेहूब ‘कतर’ आहे. ‘आयदर’च्या पोटातही हाच ‘व्हेदर’ दडलेला आहे, म्हणून तीन वस्तू समोर असताना ‘आयदर ऑफ द थ्री’ म्हणू नये. तिथे ‘एनी ऑफ द थ्री’ म्हणावे.